खराट्याच्या पुढचे गाडगेबाबा

येत्या २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्यानिमित्ताने या सदराकडे बरीच पत्रं आली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पंचविशीच्या आतल्यांची आहेत. मी परळच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. नोकरीतली सगळी वर्षं बाबांचं नाव रोज तोंडात असायचं, कारण गावाहून आलेल्या पेशंटच्या घरच्यांची सोय करायची तर पहिला फोन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जायचा. त्यामुळे या पत्रांना उत्तरं देताना मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

प्रश्न : आदरणीय ताई, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या एनएसएसमध्ये आहे. दर २० डिसेंबरला आम्ही खराटे घेऊन स्टेशनबाहेरचा रस्ता झाडतो. बॅनर धरून फोटो काढतो, तास भरतात, प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या दिवशी तिथे तेवढाच कचरा असतो. झाडायला पालिकेची माणसं आहेतच. मग गाडगेबाबा आमच्या पिढीला नेमकं काय देतात? खरं उत्तर द्या, भाषण नको.
— एक विद्यार्थी, भांडुप

उत्तर : तुझा प्रश्न बाबांना आवडला असता. त्यांचं कीर्तनच प्रश्नांवर चालायचं. ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे आणि ते मोबाइलवर सहज मिळतं. भांडुपहून सीएसएमटीला जाताना कानाला लावून ऐक. ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज, अस्सल वऱ्हाडी बोली. बाबा विचारतात, समोरची माणसं उत्तर देतात, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. देवाला आंघोळ तुम्ही घालता, कपडे तुम्ही नेसवता, नैवेद्य दाखवता आणि कुत्रं येऊन खाईल म्हणून काठी घेऊन बसता. मग हा देव तुमचं रक्षण कसं करणार? लोक हसतात, आणि त्या हसण्यातच बाबा विचारून टाकतात की पोरांना शाळेत घातलं का. पैसे नसतील तर जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. स्वतः एक इयत्ताही न शिकलेला माणूस हे सांगतोय. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला बाबा गेले.

तुमच्या बॅनरवर म्हातारे बाबा असतात, म्हणून एक गोष्ट नजरेआड होते. त्यांनी घर सोडलं तेव्हा ते तरुण होते. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी गेले. आई सखुबाई त्यांना घेऊन दापुऱ्याला भावाकडे आली. तिथे डेबूजी गुरं राखायला लागला, शेतात राबला, आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली. कागदावर काय लिहिलंय हे घरात कुणाला वाचता येत नव्हतं, एवढंच कारण. पुढे आयुष्यभर बाबा दारू, कर्ज आणि शाळा या तीन गोष्टींवर बोलत राहिले, ते या घरात पाहिलेलं होतं म्हणून. १ फेब्रुवारी १९०५ ला ते घराबाहेर पडले. वय वर्षं अठ्ठावीस. तुझ्याहून फार मोठे नव्हेत.

आता खराट्याबद्दल. बाबा गावात शिरले की कुणाला न विचारता गटार, पाणवठा, देवळापुढचं आंगण झाडायला घ्यायचे. डोक्यावर फुटकं गाडगं, अंगावर चिंध्यांची गोधडी. लोकांना वाटायचं, वेडा आहे कोणी. संध्याकाळी त्याच साफ केलेल्या जागेवर कीर्तन, ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’. सकाळी ज्यांनी वेडा म्हटलं तेच समोर बसलेले. खराटा हा त्यांचा अर्धा दिवस होता. कॉलेजांनी तेवढा अर्धाच उचलला, कारण फोटोत तोच दिसतो. उरलेल्या अर्ध्या दिवसात ते माणसांना विचारात पाडायचे आणि लोकांनी दिलेल्या पैशातून काहीतरी उभं करायचे.

काय उभं केलं ते पाहा. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला जत्रा भरायची, लोक चिखलात घसरायचे, म्हणून तिथे घाट. पंढरपूरला लाखो वारकरी यायचे, पण अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांना डोकं टेकायला जागा नव्हती, म्हणून चोखामेळा धर्मशाळा. नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. प्रत्येक ठिकाणी त्यांनी आधी बघितलं की बाहेर कोण राहिलंय. सोय त्याच माणसाची केली. आणि सोय झाली की तिथून निघून गेले. आपल्या किंवा घरच्यांच्या नावावर काही ठेवलं नाही. तुझ्या पिढीला बाबा काय देतात, या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे आहे. बाहेर कोण राहिलंय हे बघायची सवय.

मुंबईत ते बघायला लांब जावं लागत नाही. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर सकाळी साडेसहाला जा. यवतमाळ, अकोला, बिहार, बंगालहून आलेली माणसं प्लास्टिकच्या चादरीवर झोपलेली दिसतील, उशाला रिपोर्टची पिशवी. दादरची धर्मशाळा बाबांच्या मागे त्यांच्या नावाने उभी राहिली आणि टाटाच्या पेशंटना अगदी थोड्या पैशात तिथे राहायला मिळतं. जेवण असतं, सोबत असते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तोच आजार काढलेला असतो. पण येणारे इतके की जागा कायम अपुरी.

एक मुलगा मला विसरता येत नाही. यवतमाळकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा. आईच्या गळ्याला गाठ होती. पहाटे दादरला उतरून मायलेक विचारत विचारत, चुकत, चालत परळला पोचले होते, कारण टॅक्सीवाल्याने सांगितलेल्या पैशांत त्यांचं दोन दिवसांचं जेवण झालं असतं. माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि त्यातला कुठला कोणाला दाखवायचा हे त्याला कळत नव्हतं. रेशनकार्ड होतं, पण त्यावर आईचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं. सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत नाव बसवायला या एका अक्षराने दोन आठवडे खाल्ले असते. आमच्याकडे तेव्हा एक कॉलेजची मुलगी यायची. तिने त्याच्या शेजारी बसून प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला, तहसीलला कोणता दाखला मागायचा ते गावातल्या त्याच्या चुलत्याला फोनवर समजावलं, आणि दुपारी त्या दोघांना चहा-पाव खायला घालून धर्मशाळेपर्यंत पोचवलं. खराटा तिने हातात घेतला नव्हता, पण मला तरी त्या दिवशी तिच्यात बाबांचं काम दिसलं.

म्हणून तुला नेमकं सांगते. एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात. त्यातले वीस तास तुमच्या तुकडीने एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे मागावेत. आधी विभागप्रमुखांना भेटा, कॉलेजचं पत्र न्या, त्यांना काय हवंय ते विचारा. कामं साधी असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणते कागद लागतात ते समजावणं, आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापर्यंत नेणं, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून देणं, नव्या माणसाला एक्स-रे, रक्त, केसपेपर यांच्या खिडक्या दाखवणं. सकाळी अमरावती आणि विदर्भ एक्स्प्रेस येतात तेव्हा दादरला दोघं जण उभे राहिलात तरी कितीतरी जणांची पायपीट वाचेल. मोबाइल खिशात ठेवायचा. आजारी माणसाचा व्हिडिओ काढायचा नाही, त्याने हो म्हटलं तरी नाही, कारण गरजू माणूस नाही म्हणू शकत नाही.

आणि प्लेटलेट. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटना त्या सारख्या लागतात आणि काढल्यानंतर त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. वर्षातून एकदा भरणाऱ्या शिबिरापेक्षा हाकेला येणाऱ्या दहा मुलांची यादी रक्तपेढीला जास्त उपयोगी पडते. वर्गात विचार. दहा निघतील.

स्टेशनबाहेर झाडायचंच असेल तर जरूर झाडा, पण रोज झाडणाऱ्या पालिकेच्या कामगारांशी एकदा बोला. हातमोजे मिळतात का, कंत्राटी आहेत की कायम, जेवायला कुठे बसतात. बाबांनी हेच आधी विचारलं असतं.

प्रश्न : ताई, मी सव्वीस वर्षांची आहे, लोअर परळला नोकरी करते. मार्चमध्ये लग्न आहे. आम्हा दोघांना साधं लग्न हवंय. दोन्ही घरच्यांना हॉल, प्री-वेडिंग शूट, संगीत, चारशे माणसं हवीत. बाबा निवृत्त आहेत म्हणून ‘तू आठ लाखांचं पर्सनल लोन काढ, नंतर फेडू’ असं चाललंय. आमच्या घरात गाडगे महाराजांचा फोटो आहे, आजोबा त्यांचं कीर्तन ऐकायला जायचे. मी फोटोकडे बोट दाखवलं तर आई म्हणाली, ‘ते संत होते, आपण संसारी.’ काय सांगू?
— एक वाचक, काळाचौकी

उत्तर : आईंना सांग, हे बाबांनी संसारात असतानाच केलेलं आहे. घरी मुलगी झाली तेव्हा बारशाला भावकीला दारू-मटणाचं जेवण द्यायची रीत होती. त्यासाठी लोक कर्ज काढत. डेबूजीने दारू आणि मटण दोन्ही दिलं नाही, गोड जेवण घातलं. जातीतले रागावले, नावं ठेवली. पण एक बघ, त्याने कोणाला उपाशी परत पाठवलं नाही, दार लावून घेतलं नाही. माणसं बोलावली, पंगत बसवली, फक्त बुडवणारा भाग काढून टाकला. तुला घरात बोलायला हीच वाट आहे. ‘मला लग्नसोहळाच नको’ म्हणशील तर आई दुखावेल. ‘जेवण छान करू, माणसं जवळची बोलवू, शूट आणि संगीत नको, कर्ज तर नाहीच’ असं म्हण.

आणि आकडे कागदावर मांड. आठ लाख, चौदा टक्के, पाच वर्षं धर. महिन्याला साधारण १८,६०० रुपयांचा हप्ता, आणि पाच वर्षांत तीन लाखांहून जास्त नुसतं व्याज. हा हप्ता तुझ्या एकट्या पगारातून जाणार, तू नोकरी बदललीस तरी, मूल झालं तरी, वडिलांचं औषधपाणी आलं तरी. वडिलांसमोर हा कागद ठेवताना आवाज चढवू नको. त्यांनाही मुलीचं लग्न थाटात केल्याचं समाधान हवंय, आणि ते मागण्यात काही वाईट नाही. निवृत्त माणसाला चार लोकांत खाली बघायला नको असतं.

स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणी करणार असाल तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मार्च म्हणताय, तर जानेवारीतच कार्यालयात जाऊन या. मग संध्याकाळी एखाद्या शाळेच्या किंवा मंडळाच्या सभागृहात दीडशे पानं. पुरणपोळी, मसालेभात, मठ्ठा. काळाचौकी-लालबागच्या गिरणी कामगारांच्या घरांतली किती लग्नं चाळीच्या गच्चीवर झाली, आईला विचार. संप झाला त्या वर्षांत तर दुसरं शक्यच नव्हतं, आणि ते संसार नीट झाले.

मला या विषयात राग येतो, लपवत नाही. ॲपवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं म्हणून हप्त्यात अडकलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. आजारी बापाच्या उशाशी बसलेली आणि वसुलीवाल्यांचे फोन कापत असलेली. सण कर्ज काढून करू नका, लग्न कर्ज काढून करू नका, हे बाबांनी गावोगाव ओरडून सांगितलं. त्यांच्या वेळचा सावकार वहीत आकडा वाढवायचा आणि माणसाला वाचता येत नसे. तुला वाचता येतं. कर्जाच्या करारावरची बारीक अक्षरं तू आणि तुझा होणारा नवरा शेजारी बसून पूर्ण वाचा, आणि मग घरच्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : मी आयटीत आहे, वय एकतीस, एकटाच राहतो. मन स्थिर नसतं. मित्र एका महाराजांच्या शिबिराला नेतो आहे, शुल्क बरंच आहे आणि नंतर ‘दीक्षा’ घ्यावी लागते. दुसरीकडे मी गाडगेबाबांबद्दल वाचतोय. त्यांना गुरू मानता येईल का?
— वाचक, ऐरोली

उत्तर : मानायला हरकत कोण घेणार, पण स्वतः बाबांनी घेतली असती. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, हे ते सतत सांगत. पाया पडू देत नसत. कोणी वाकलं की काठी उगारत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा एवढ्या कष्टाने बांधली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कीर्तन करणाऱ्या वारकरी वळणाच्या संताने ती वास्तू शिक्षणासाठी बाबासाहेबांच्या हाती दिली, यावर थोडा वेळ विचार करा. गाडगेबाबांच्या श्रद्धेबद्दल मला याहून जास्त सांगणारी दुसरी गोष्ट माहीत नाही. ते हिंदू होते, तुकोबांचे अभंग त्यांच्या ओठांवर होते. ‘तीर्थी धोंडा पाणी, देव रोकडा सज्जनी’ हा चरण ते कीर्तनात म्हणत आणि त्याप्रमाणे वागत.

शिबिराबद्दल तुम्हीच ठरवा. मी तुमच्या जागी असते तर तिथे जाऊन दोन गोष्टी बघितल्या असत्या. पैसा कुठे जातो हे विचारलं की सरळ उत्तर मिळतं का, आणि महाराजांना समोरासमोर प्रश्न विचारता येतो का. दीक्षा घेताना कोणाला काही सांगू नका, घरच्यांपासून लांब राहा, असं कानावर आलं तर तिथून उठा.

मन स्थिर नसणं हा वेगळा विषय आहे आणि तो मी हलका समजत नाही. झोप लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मुंबईतल्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर अगदी थोड्या पैशांत निघतो. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. आजाऱ्याला औषध आणि निराश माणसाला हिंमत, या दोन्ही गोष्टी बाबांच्या दशसूत्रीत, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या दहा कामांत, आहेत. एकीसाठी दुसरी सोडू नका.

तब्येत ठीक आहे आणि फक्त रिकामं वाटतंय, असं असेल तर शनिवारची एक दुपार वर लिहिलेल्या कामाला द्या. तुम्हाला संगणक येतो. ऑनलाइन अर्ज भरून हवे असलेली माणसं तुमची वाट बघत रांगेत उभी आहेत, हे मी अगदी खात्रीने सांगते.

प्रश्न : आजची मुलं कीर्तनाला येत नाहीत. आमच्या गिरगावातल्या सप्ताहात पहिल्या रांगेत सगळी पांढरी डोकी. ही परंपरा आमच्याबरोबर संपणार का?
— एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : काका, मुलं कीर्तन ऐकतात. लोकलमध्ये शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर मी अनेकदा पाहिलं आहे. तुमच्या सप्ताहात ती येत नाहीत कारण संध्याकाळी सहाला ती ऑफिसात किंवा गाडीत असतात, आणि आली तरी त्यांना दोन तास गप्प बसावं लागतं. वेळ रविवारी सकाळची ठेवून बघा. कीर्तनकारांना विनंती करा की पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, झाल्यावर वीस मिनिटं समोरच्यांना विचारू द्यावं, आणि विचारणाऱ्याला कोणी ‘बस खाली’ म्हणू नये, एवढं तुम्ही ज्येष्ठांनी सांभाळा. पहिली रांगही मुलांसाठी मोकळी सोडा. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलात तर त्यांना फार बरं वाटेल.